गाभोळी

आषाढातील एका ओल्या सकाळी आमच्या दारी एक रोहू आला. रात्रभर पाऊस कोसळला होता, नाले दुथडी भरले होते, आणि आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने पहाटे जाळ्यात सापडलेला तो मासा गुरुजींसाठी म्हणून पळसाच्या पानांत गुंडाळून आणला होता. मासा अडीच किलोंच्या आसपास भरला असावा. पोट टच्च फुगलेले होते. घरच्या मंडळींनी तो चिरला तेव्हा आतून गाभोळीच्या दोन लांबट, पिवळसर लादी निघाल्या. त्या तव्यावर परतल्या गेल्या, आणि खोटे कशाला बोलावे, आम्ही त्या मिटक्या मारीत खाल्ल्या. गेली तीस वर्षे आषाढ म्हटला की गाभोळी हे आमच्या घरचे समीकरणच होऊन बसले होते.

त्याच सायंकाळी बाबाजी आले. आमच्या तिरोडीपासून थोड्या अंतरावर एक जुनी बोडी आहे. ती ज्या ढीमर मंडळींनी ठेक्याने घेतली आहे, त्यांच्यातील हे सर्वांत वडीलधारे गृहस्थ. वय सत्तरीच्या पुढचे, शाळेचे तोंड पाहिलेले नाही, पण पाण्याकडे पाहून आत काय चालले आहे ते सांगणारे. ओसरीवर बसून त्यांनी चहा घेतला, स्वयंपाकघरातून येणारा वास घेतला, आणि म्हणाले, ‘‘गुरुजी, तुमी पुस्तकं वाचता, म्हून इचारतो. बोडीतल्या रोहूच्या पोटात अंडी त भरतेत, पण बोडीत पिलं कावून होत नाहीत?’’

आम्ही मराठीचे एम. ए. माशांच्या प्रसूतिशास्त्राशी आमचा संबंध तव्यापुरता. ‘‘पाहून सांगतो, बाबाजी,’’ असे म्हणून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मनात रुतून राहिला. पुढे आम्ही मिळेल ते वाचले, जाणत्यांना विचारले, आणि जे हाती लागले ते बाबाजींना सांगितले. तेच आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आधी थोडे दूर जाऊ या. काश्मीरच्या थंड पाण्यात ट्राउट नावाचा मासा आहे. तो मूळचा युरोपातला. इंग्रजांना गळाने मासे धरण्याचा भारी शौक. त्यांनी १८९९ साली विलायतेहून त्याची अंडी आणविली, ती वाटेतच मेली. पुढच्या वर्षी, म्हणजे १९०० साली, पुन्हा आणविली, ती जगली, आणि श्रीनगरजवळ हारवान येथे त्या माशाचा वंश रुजला. या ट्राउटची काही घराणी तळ्यांतच राहतात. तेथे ती पाण्यातील किडे, अळ्या, गोगलगायी आणि वरून पडणाऱ्या माश्या खाऊन वाढतात, मोठी झाली की लहान मासेही खातात. पाणी थंड, त्यामुळे वाढ सावकाश. हिवाळ्यात वाढ जवळजवळ थांबते, आणि त्या थांबण्याची खूण माशाच्या खवल्यावर उमटते. झाडाच्या खोडावर जशी वर्षावर्षाची कडी उमटतात तशी ती खवल्यावर दिसतात, ती मोजून माशाचे वय सांगता येते.

आता गंमत अशी की, तळ्यात जन्म काढणारा हा मासा अंडी घालायला तळ्यात राहत नाही. हिवाळ्याच्या तोंडाशी तो तळ्याला येऊन मिळणाऱ्या ओढ्यात वर चढतो. मादी शेपटीने गोटे-वाळू उकरून खळगा करते, त्यात अंडी घालते, आणि वर पुन्हा वाळू लोटते. गोट्यांच्या फटींतून वाहते पाणी खेळत राहते आणि अंड्यांना प्राणवायू पुरवते. अंडी तशी थोडी, मादीच्या वजनाच्या दर किलोमागे दीड-दोन हजार. पण ती टपोरी असतात, आणि थंड पाण्यात उबायला कित्येक आठवडे घेतात. तळे हे त्याचे सासर आणि ओढा हे माहेर, असे म्हटले तरी चालेल. पहिलटकरणीने बाळंतपणाला माहेरी जावे, तसा तो जातो.

आता आमच्या बोडीकडे येऊ. बालाघाट, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा सारा पट्टा तलावांचा. गोंड राजांच्या काळी कोहळी मंडळींनी उतारावरचे पाणी पाळ घालून अडविले आणि भातशेती उभी केली. पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेले म्हणून ‘मालगुजारी तलाव’ हे नाव पडले. १९५१ साली मालगुजारी गेली. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, भंडारा मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. माणसांच्या सीमा बदलल्या, बोड्यांतील मासे मात्र दोन्हीकडे तेच राहिले.

या पाण्यात आज मान आहे तो तिघांचा : कटला, रोहू आणि मृगळ. तिघे एका घराण्यातले, पण एका पाण्यात राहून परस्परांच्या ताटात हात घालीत नाहीत. कटल्याचे डोके मोठे आणि तोंड वरच्या बाजूला वळलेले. तो पृष्ठभागाजवळ फिरतो आणि पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहू मधल्या थरात राहतो. लहानपणी तोही सूक्ष्म जीवच खातो, पण मोठेपणी शेवाळ आणि कुजकी पाने यांवर त्याचा भर असतो, त्याच्या ओठांच्या झालरी त्यासाठीच आहेत. मृगळ तळाशी चरतो. चिखलातील कुजका कचरा हे त्याचे अन्न. एकाच घरात माळा, माजघर आणि तळघर तिघांनी वाटून घ्यावे, तसा हा प्रकार आहे. मिश्र मत्स्यशेतीची सारी विद्या या वाटणीवर उभी आहे.

वाढ म्हणाल तर ट्राउटच्या मानाने ही मंडळी पैलवान आहेत. पाणी उबदार, अन्न भरपूर आणि गर्दी माफक असेल तर कटला वर्षभरात किलोभर होतो, रोहू आणि मृगळ पाऊणएक किलो भरतात. पण गर्दी झाली की सारे बिघडते. अन्न तेवढेच आणि तोंडे दुप्पट, मग वर्षाचा मासाही वीतभरच राहतो. आमच्या मँगनीजच्या पट्ट्यात जुन्या खाणींच्या खड्ड्यांतही पाणी साठते. ते निळेशार, खोल, पाहायला देखणे असते. परंतु ज्या खड्ड्याचे काठ उभे असतात आणि ज्यात गाळ नसतो, तेथे सूक्ष्म जीव वाढायला उथळ, उन्हाने तापणारी कडच नसते. तेथे मासा सोडला तर जगतो, पण अंग धरीत नाही. उलट आमची बोडी गढूळ, उथळ, गुरे धुण्याची. तिच्यात मासा भराभर वाढतो. सौंदर्य आणि सुपीकता यांचे नेहमीच जमते असे नाही, हे आम्ही शिक्षक मंडळी वर्गातही पाहतोच.

आता बाबाजींचा प्रश्न. दोन वर्षांचा रोहू वयात येतो. फाल्गुन-चैत्रापासून मादीच्या पोटात अंडी धरू लागतात आणि ज्येष्ठ-आषाढापर्यंत पोट भरून जाते. दर किलो वजनामागे एक ते दोन लाख अंडी हा साधारण हिशेब. म्हणजे आमच्या दारी आलेल्या त्या रोहूच्या पोटात काही लाख जीव होते. इतकी अंडी असूनही बोडीच्या साचलेल्या पाण्यात ही मादी ती घालीत नाही. का? तर तिला वाहते पाणी हवे. पहिल्या पुराचा लोंढा आला, पाण्याचा उन्हाळी ताप उतरला, ताजे गढूळ पाणी अंगावरून वाहू लागले, की तिच्या मेंदूच्या बुडाशी असलेली वाटाण्याहूनही लहान अशी एक ग्रंथी जागी होते. तिच्यातील रस रक्तात उतरतो, आणि मगच अंडी पक्व होऊन बाहेर पडतात. तो लोंढा आला नाही तर ग्रंथी झोपलेलीच राहते. श्रावण-भाद्रपद सरतो, आणि घातली न गेलेली अंडी मादीच्या शरीरातच विरून जातात.

ही मंडळी नदीची लेकरे आहेत. गंगा, गोदावरी यांसारख्या नद्यांना पूर आला की पाणी काठ ओलांडून शेतांत पसरते. तेथे गुडघाभर उथळ पाण्यात नर-माद्या जमतात आणि अंडी घालतात. अंडी चिकट नसतात. पाणी पिऊन फुगली की साबुदाण्याएवढी दिसतात. उबायला चौदा ते वीस तास पुरतात. पिल्लू तीन दिवस पोटाशी बांधलेल्या शिदोरीवर काढते, मग स्वतः खाऊ लागते. पुराचे पाणी पसरलेल्या त्या शेतात तोवर सूक्ष्म जीवांचे पीक आलेले असते. ट्राउटने थोडी अंडी वाळूखाली जपून ठेवली, रोहूने लाखो अंडी पुरावर सोडून दिली. रीत निराळी, पण तळ्यातून वाहत्या पाण्याकडे जाण्याची ओढ दोघांची एकच.

साचल्या पाण्यात कोणीच वंश वाढवीत नाही असे मात्र नव्हे. आमची मरळ बोडीतच पाणवनस्पतींत जागा करून अंडी घालते, आणि तांबूस पिल्लांच्या थव्याभोवती आईबाप पहारा देत फिरतात. परदेशातून आलेला सायप्रिनस पाणवनस्पतींना आपली चिकट अंडी चिकटवितो, त्यालाही पुराची गरज नाही. अडचण आहे ती कटला, रोहू, मृगळ या तिघांची, आणि बाजारात भाव आहे तो त्यांनाच.

पूर्वी या तिघांचे बीज पुराच्या वेळी नदीत जाळी लावून गोळा करीत. बंगालमध्ये हा मोठा व्यापारच होता, मातीच्या मडक्यांत भरून ते रेल्वेने दूरदूर जाई. त्यात रोहूबरोबर नको असलेले मासेही येत. हे कोडे सोडविले आपल्याच देशातील शास्त्रज्ञांनी. ब्राझीलमध्ये १९३४ च्या सुमारास माशाला माशाच्याच ग्रंथीचा अर्क टोचून अंडी घालावयास लावण्यात यश आले होते. डॉ. हिरालाल चौधुरी आणि डॉ. अलिकुन्ही यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात आपल्या कार्प माशांवर हा प्रयोग यशस्वी केला. त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळला जातो. आमच्या मध्य प्रदेशानेही एक वाट दाखविली. छतरपूर जिल्ह्यातील नौगाव येथे १९५८ साली कोरड्या बंधाऱ्यात पावसाचे धावते पाणी घेऊन, त्यात तयार नर-माद्या सोडून बीज मिळविण्यात आले. म्हणजे इंजेक्शन न देता पुराचा भास निर्माण करावयाचा. आज बीजकेंद्रांतून गोल हौदात पाणी फिरवितात, तयार औषध टोचतात, आणि मत्स्यजिरे वाटीने मापून विकतात.

हे सारे आम्ही बाबाजींना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘‘म्हंजे माहा बाप सांगे तेच.’’ मग त्यांनी सांगितले ते आम्हांला कोणत्या पुस्तकात मिळाले नव्हते. त्यांच्या लहानपणी या बोडीत बीज विकत आणून सोडण्याची चालच नव्हती. बोडीला वरच्या अंगाने एक नाला मिळतो. मृगाचा-आर्द्राचा पहिला लोंढा आला की बोडीतील भरलेले मासे त्या नाल्याने वर चढत, वरच्या बांध्यांमधील पाण्यात शिरत, पाठ उघडी पडेल इतक्या उथळ पाण्यात खळबळ माजवीत. चार-आठ दिवसांनी बांध्यांतील पाणी उतरताना त्यातून केसाएवढी पिल्ले बोडीत येत. लोक चढणीचे मासे तेव्हाही धरीत, पण हाताने, काठीने, चार घरच्यापुरते. नंतर नायलॉनची जाळी आली. नाल्याच्या तोंडाशी आडवे जाळे लावले की एका रात्रीत सारी चढण हाती लागते. ‘‘धा वर्सं झाली, वर कोनी पोचलंच नाही, गुरुजी,’’ बाबाजी म्हणाले.

तेव्हापासून बीज विकत आणावे लागते. एके वर्षी एका विक्रेत्याकडून आणलेल्या जिऱ्यांत रोहू नावालाच निघाला. ठेक्याची रक्कम भरावयाची होती ती भरावीच लागली. ती दिवाळी त्या घरांनी कशी काढली ते आम्ही पाहिले आहे. वर्गातील दोन मुले त्या हिवाळ्यात शाळा सोडून कामाला गेली, त्यांतील एक परत आला नाही.

बाबाजींची इच्छा एवढीच होती की, एक वर्ष नाल्याच्या तोंडाशी जाळे लावू नये. पुस्तकातले चार शब्द आपल्या बाजूला असावेत म्हणून ते आमच्याकडे आले होते. पाळीवरच्या पिंपळाखाली बैठक भरली. आम्हांलाही बोलाविले होते. आम्ही ग्रंथीची आणि लोंढ्याची कथा सांगितली. शासनाचा नियमही सांगितला. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, आणि ज्या लहान तलावांचा नदी-नाल्याशी संबंध नाही तेवढेच त्यातून सुटतात. आमची बोडी नाल्यावर असल्याने सुटणाऱ्यांत नाही. एकाने विचारले, ‘‘मग सांडव्यावरची ताटी काढायची का?’’ प्रश्न रास्त होता. सांडव्यावर बांबूची ताटी असते ती बोडीतील मासा पुरासोबत खाली वाहून जाऊ नये म्हणून. ती मासा राखते, तोंडावरचे जाळे मासा संपविते. ताटी राहू द्यावी, जाळे काढावे, असे आम्ही म्हटले.

आमचे भाषण बरे झाले असावे, कारण सारे माना डोलवीत होते. तेवढ्यात मागून एक बाई उठल्या. डोक्यावरचा पदर सावरीत म्हणाल्या, ‘‘गुरुजी, तुमचा पगार आषाढात बी येते. आमच्या घरी आषाढात कोठी रिकामी असते, रोवन्याची मजुरी हाती पडाची असते. त्या मासोळीवर पंधरा दिस निघतेत. पोटातली अंडी राखू, पन पोटातल्या भुकेचं काय?’’

आम्हांला उत्तर सुचले नाही. त्या सकाळी आमच्या तव्यावर जे परतले गेले ते भुकेपोटी नव्हते, एवढेच त्या क्षणी आठवले. उत्तर दिले ते बाबाजींनी. ज्या घरांची चढण बुडेल त्या घरांना हिवाळ्यात ओढल्या जाणाऱ्या पहिल्या जाळ्यातील एक वाटा वेगळा काढावयाचा, आणि आषाढासाठी गटाच्या शिलकेतून तांदूळ उसना द्यावयाचा, असे त्यांनी सुचविले. बरीच वादावादी झाली. शिलक ती किती, तांदूळ कोण मोजणार, शेजारच्या गावाने रात्री जाळे लावले तर काय, हे सारे निघाले. अखेर एका वर्षापुरते ठरले. रात्रीच्या राखणीला पाळी लागली. आमच्या शाळेतील मोठी मुले हौसेने कंदील घेऊन बापांबरोबर गेली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगली, तिकडे आम्ही काणाडोळा केला.

दुसऱ्या वर्षीचा मृग कोरडा गेला, आर्द्रात मात्र लोंढा आला. मुलांनी वर्णन केले की, कंदिलाच्या उजेडात बांध्यांतील पाणी उकळल्यासारखे दिसत होते. आठवड्याने एक मुलगा काचेच्या बरणीत पाणी घेऊन आमच्या खोलीत आला. त्यात बारीक बारीक काहीतरी हलत होते. ‘‘रोहू हायेत का गुरुजी?’’ इतक्या लहानपणी सारे मासे सारखेच दिसतात. आम्ही म्हटले, बोटाएवढे होऊ दे. त्याने ती पिल्ले बोडीत नेऊन सोडली.

दिवाळीच्या सुटीनंतर बाबाजींनी एक लहान जाळे फिरवून पाहिले आणि बोटुकली टोपलीत घालून दाखवायला आणली. आम्ही पुस्तक उघडून बसलो. मोठे डोके तो कटला, शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका तो मृगळ. बरीचशी निघाली ती किरकोळ जातीची. मृगळ बऱ्यापैकी होते. रोहू मोजले तर अकरा भरले. कटला एकही नव्हता. आम्ही थोडे हिरमुसलो, आणि ते बाबाजींच्या ध्यानात आले असावे.

‘‘एका ओंजळीत अकरा, गुरुजी,’’ ते म्हणाले. ‘‘बोडीत ओंजळी किती आहेत ते तुमीच सांगा, तुमी गणित शिकोता.’’

गणित आम्ही शिकवीत नाही, मराठी शिकवितो. ते आम्ही त्यांना सांगितले नाही. त्या वर्षी बीज विकत आणावे लागलेच, फक्त पूर्वीपेक्षा कमी. पहिल्या जाळ्यातील वाटा ठरल्याप्रमाणे काढला गेला. त्या बैठकीत उठून बोललेल्या बाईंच्या अंगणात तो मोजला गेला, आणि मोजायला त्या स्वतः बसल्या होत्या. जाळ्याचा करार आता आणखी एका वर्षासाठी वाढला आहे.

आमच्या घरी आषाढात गाभोळी येत नाही. जुना विद्यार्थी येतो, पण सुरण किंवा तरोटा घेऊन येतो. घरच्या मंडळींची त्याविषयी थोडी नाराजी आहे. पौषात बोडीचा मोठा मासा निघतो तेव्हा एक रोहू आम्ही रोख पैसे देऊन आणतो. त्याच्या पोटात तेव्हा काही नसते.